दुसऱ्या दिवसाची करुणा



चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला (लूक 10:25-37) आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना तो सांगायला लावतो, तेव्हा बहुतेक मुले एकाच जागी थांबतात. जखमी माणसाला गाढवावर बसवले, उतारशाळेत नेले, संपली गोष्ट! संत लूक मात्र तिथे थांबत नाही. त्याच्या शुभवर्तमानात पुढे दुसरा दिवस उजाडतो. आज त्या दुसऱ्या दिवसाविषयी थोडे मनन करू या.

यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच, तर यरीहो समुद्रसपाटीच्याही जवळपास 250 मीटर खाली. मधली वाट उजाड, उताराची, दरोडेखोरांच्या सोयीची. अशा वाटेवर थांबायला धैर्य लागते. आमचे बेळगावही पुणे-बेंगळुरू महामार्गावरच आहे. अपघात पाहून गाडी थांबवावी की नाही, हा प्रश्न इथे कुणालाही, कधीही पडू शकतो. 'पोलिसांचे लचांड मागे लागेल' ही भीती जुनी आहे. पण 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचना बंधनकारक केल्या आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्याला आता कायद्याचे संरक्षण आहे. नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. कायद्याने अशा माणसाला नावही आपल्या प्रभूच्या दाखल्यातलेच दिले आहे, 'गुड समॅरिटन'!

म्हणजे पहिल्या दिवसाची भीती बरीचशी दूर झाली. दुसऱ्या दिवसाचे काय?

त्या शोमरोन्याने दुसऱ्या दिवशी दोन दीनार काढून उतारशाळेच्या मालकाला दिले. एक दीनार म्हणजे तेव्हाच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. याहून जास्त खर्च झाला तर परत येताना तोही देईन, असे सांगून तो आपल्या वाटेने गेला. त्याने आपले काम सोडून दिले नाही, आणि त्या माणसालाही सोडले नाही. त्याने व्यवस्था लावली. कळवळा रस्त्यात क्षणभर दाटून येतो, पण उद्याच्या जेवणाची तजवीज केली म्हणजे त्याची करुणा होते.

आमच्या धर्मग्रामातला एक लहानसा गट दर आठवड्याला रुग्णालयात जातो. तिथे एकदा ओडिशाकडचा एक तरुण मजूर भेटला. महामार्गावर एका गाडीने त्याला उडवले होते. मांडीचे हाड मोडले होते. अनोळखी माणसांनी त्याला उचलून आणले, त्यांचे करावे तेवढे कौतुक थोडेच. पण ती माणसे आपापल्या गावी गेली आणि हा एकटा राहिला. त्याला कानडी येत नव्हते, मराठी येत नव्हते, हिंदी जेमतेम. मोबाईलची बॅटरी संपलेली, त्यामुळे घरी कुणाला काही कळलेले नाही.

त्याला काय हवे होते? एक चार्जर, एक लुंगी, पातळ पेज, आणि त्याच्या भाषेत बोलणारे कुणीतरी. आमच्यातल्या एका मावशींनी पेजेचा डबा धरला. एका मुलाने आपल्या ओळखीच्या बांधकामावरचा ओडिया कामगार शोधून फोनवर जोडून दिला. आपली भाषा कानावर पडताच तो तरुण इतके दिवस आवरलेले रडू मोकळे करून रडला. त्याचा भाऊ गावाहून येईपर्यंत चार रात्री आम्ही पाळीपाळीने त्याच्याजवळ बसलो. मग दोघे भाऊ गेले. पुढे त्याची काही खबर नाही. दाखल्यातला जखमी माणूस बरा झाला का, हेही प्रभू आपल्याला कुठे सांगतो? करुणेला पोचपावती लागत नाही.

आणखी एक गोष्ट. शोमरोन्याने जखमीची जात-धर्म विचारला नाही, आपलाही सांगत बसला नाही. यहुदी आणि शोमरोनी यांचे वैर इतके होते की, शेजारी कोण ठरला, असे येशूने विचारल्यावर त्या शास्त्र्याने 'शोमरोनी' हा शब्दसुद्धा उच्चारला नाही. ज्याने दया केली तो, एवढेच म्हणाला. आमच्या गटाचाही हाच नेम आहे. डबा द्यायचा, पाणी द्यायचे, धर्म विचारायचा नाही. भुकेल्याला अन्न देणाऱ्याने ते आपल्यालाच दिले, असे प्रभूने सांगितले आहे (मत्तय 25). मग त्या खाटेवर प्रभू आधीच आहे. त्याला तिथे नेणारे आपण कोण?

बंधुभगिनींनो, प्रत्येकाला महामार्गावर धावून जाणे जमणार नाही. पण उतारशाळेचा मालक होणे पुष्कळांना जमेल. आपल्या गल्लीत, वॉर्डात, बसस्थानकावर पहिल्या दिवशी गर्दी जमली आणि नंतर पांगली, असा कोण आहे? या आठवड्यात त्याचा दुसरा दिवस आपण उचलू या. एक डबा, एक फोन, एका रात्रीची सोबत पुरे.

प्रार्थना : हे प्रभू येशू, वाटेत पडलेल्या आम्हांला तू उचललेस आणि आमचा खर्च स्वतः सोसलास. पांगणाऱ्या गर्दीत मागे थांबण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.