सत्यप्रत

माझ्या मेजावर रबराचा एक शिक्का आहे. मूळ कागद समोर ठेवावा, छायाप्रत त्याच्याशी ताडून पाहावी आणि तिच्यावर ती खरी असल्याचा शिक्का उमटवावा, हे दिल्लीतील माझ्या कारकुनीचे नित्यकर्म. शिक्का हिंदीत आहे. मी मनाशी त्याला ‘सत्यप्रत’ म्हणतो. मूळ आणि प्रत यांत काही अंतर नसते, अशी या नोकरीने माझी पक्की समजूत करून दिली होती. ती डळमळली दूरदेशीच्या तुरुंगांविषयी वाचताना.

तुरुंगात मादक द्रव्ये पोहोचविण्याचा एक मार्ग म्हणजे पत्र. कृत्रिम द्रव्याच्या द्रावणात कागद भिजवितात आणि वाळवितात. दिसावयास तो साधाच. परंतु त्याचा लहानसा तुकडा ओढून कैदी कधी प्राणासही मुकतो. असे कागद हुडकणारी यंत्रे आहेत. कागदावरून पुसलेली चिंधी यंत्रात तापविली की तिच्यावरील कणांची वाफ होते. त्यांना विद्युत्भार देऊन ते किती वेळात पुढे सरकतात, यावरून यंत्र पदार्थ ओळखते. मात्र यंत्राच्या यादीत असेल तोच पदार्थ त्याला ओळखू येतो, आणि चोरटे रसायनकार नवनवे पदार्थ घडवीत असतात. यादीत नाव नाही म्हणजे वस्तूच नाही, हा न्याय आम्हा कारकुनांना काही नवा नाही!

अखेर काहींनी शोधण्याचा नादच सोडला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात २०१८ च्या ऑगस्टमध्ये तुरुंगांतील अनेक कर्मचारी आजारी पडले आणि संशय अशा कागदांवर गेला. सप्टेंबरपासून कैद्यांची घरगुती पत्रे फ्लॉरिडातील एका खाजगी कंपनीकडे जाऊ लागली. कैद्याच्या हाती प्रत पडे; मूळ पत्र काही काळाने नष्ट होई. २०२१ च्या अखेरीस स्कॉटलंडच्या तुरुंगांनीही छायाप्रतींचाच मार्ग धरला. अधिकाऱ्यांना दोष तरी कसा द्यावा? त्यांच्या दाराशी मृत्यू उभा होता.

माझ्या दाराशी मात्र फक्त सामानाचा ट्रक उभा होता. बदलीचा हुकूम आला तेव्हा आईची पत्रे बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात होती. घरी फोन असूनही ती लिहीत असे. “फोनवरचं बोलणं उशाखाली ठेवता येत नाही रे,” म्हणायची. सामान हलके व्हावे म्हणून मी साऱ्या पत्रांची छायाचित्रे घेतली आणि पत्रे रद्दीत घातली. डबा तेवढा बरोबर आणला. आता त्यात डाळ असते. पुढच्याच वर्षी आई गेली.

मजकुरातील एक वेलांटीही हरवलेली नाही. एका पत्राच्या कोपऱ्यात पिवळा डाग आहे. हळदीचा, की लोणच्याच्या तेलाचा? मी चित्र मोठे करतो. डाग मोठा होतो, वास येत नाही. तुरुंगातला तो माणूसही एखादे वेळी प्रत नाकाशी नेत असेल. यंत्र जे शोधते आणि तो जे शोधतो, ती दोन्ही शाईत नसतात. कागदात मुरलेली असतात. एक गाळावयाचे तर दुसरेही गळते.

परवा एक वृद्ध बाई निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन आल्या. प्रतींवर शिक्के मारून मी मूळ कागद दोन्ही हातांनी त्यांना परत दिले आणि नकळत मराठीत म्हणालो, “सांभाळून ठेवा हं, आजी.” त्यांना मराठी कळत नव्हते. कागद मात्र त्यांनी पदराखाली घेतले.