फणसाची फळी

अंगणातला फणस वडिलांनी स्वहस्ते लावलेला होता. एका आषाढात तो मुळासकट आडवा झाला, तेव्हा त्याचे लाकूड सरपणाच्या भावाने जाऊ द्यायचे नाही, त्याचाच देव्हारा करून घरात ठेवायचा, असा निश्चय मी केला. वखारीतून ओंडके चौकोनी करून आणले, तडे जाऊ नयेत म्हणून त्यांच्या टोकांना रंग फासला, दोन वर्षे ते पडवीत वाळू दिले. आणि फळ्या घरीच चिराव्यात या हेतूने, कचेरीच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या पैशांतून, चौदा इंची चाकांचा एक जुना बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवरून फिरणाऱ्या अखंड पात्याची करवत, खरेदी केला.

पहिली फळी वर एक इंच आणि खाली जेमतेम अर्धा इंच जाड निघाली, आणि मधोमध तिला पोट सुटले. पाते भरकटते आहे, तेव्हा त्याला जखडून टाकावे, या समजुतीने मी पात्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या गाइडा त्यावर आवळल्या. ठिणग्या उडाल्या, पोलाद निळे पडले, आणि वडिलांच्या झाडाचा एक तुकडा माझ्या उतावीळपणापायी वाया गेला, याचे दुःख मला त्या रात्री झोपू देईना.

दुसऱ्या दिवशी वखारीतले वृद्ध मिस्त्री आले. त्यांनी प्रथम विजेची जोडणी काढायला लावली आणि मग एवढेच म्हणाले, "भाऊसाहेब, आधी सगळं मोकळं करा." गाइडा मागे सरल्या, पाठीमागचे बेअरिंग दूर गेले, ताण उतरला, पाते निघाले. खालच्या चाकाच्या रबरावरून त्यांनी माझे बोट फिरवले, तेव्हा कळले की वर्षानुवर्षांचा भुसा आणि लाकडाचा चीक मिळून तेथे दगडासारखे टेंगूळ धरले होते. असे चाक प्रत्येक फेऱ्यात पात्याला धक्का देणार आणि तो दोष आपण गाइडांच्या माथी मारणार! ती खपली खरवडून काढण्यात आमचा अर्धा प्रहर गेला. मिस्त्रींनी मात्र घाईचा एक शब्दही उच्चारला नाही.

मग नवे पाते आले: अर्धा इंच रुंद, इंचाला तीन दात, पावणेआठ फुटांहून किंचित लांब. दात खालच्या दिशेस आहेत ना, ही खातरजमा करून त्यांनी ते चाकांवर चढवले व सांध्यावरून बोट फिरवून जोड गुळगुळीत असल्याचे मला दाखवले. हा जोडच या यंत्राच्या इतिहासातील मोठा अडसर होता, हे मी पुढे वाचले: इंग्लंडात न्यूबेरी यांनी १८०८ साली अखंड पट्ट्याच्या करवतीचे पेटंट घेतले खरे, परंतु पट्टा जोडाशीच तुटत असे, आणि १८४६ साली फ्रान्समधील क्रेपँ नावाच्या एका स्त्रीने टिकाऊ जोडाची रीत शोधल्यावरच ही करवत व्यवहारोपयोगी ठरली.

ताण देताना, सहा इंच मोकळे पाते बोटाने दाबले असता दोन सुतांहून अधिक सरकू नये, असा त्यांचा हिशोब होता. त्यानंतर वरचे चाक हाताने फिरवीत, मागच्या स्क्रूने त्याचा कल केसाकेसाने बदलीत, पाते रबराच्या मधल्या उंचवट्यावर स्थिर होईपर्यंत आम्ही थांबलो. पाते आपल्या मार्गाने निमूट धावू लागले, तेव्हाच गाइडांची पाळी आली. कारण गाइड ही पात्याला मार्गावर आणणारी नव्हे, मार्गावर असलेल्याला साथ देणारी वस्तू आहे, आणि नेमका हाच क्रम मी उलटा केला होता. माझ्या जुन्या फाइलीतील एक कोरा कागद दोन्ही बाजूंना घालून त्याच्या जाडीएवढेच अंतर राखले. दातांच्या खाचांमागेच गाइडांची कड थांबवली. आणि पाठीमागचे बेअरिंग असे ठेवले की रिकाम्या पात्याला ते स्पर्शू नये, लाकडाचा दाब येताच मात्र फिरावे.

गुण्या लावून मेज पात्याशी काटकोनात आणले. उरला पात्याचा स्वाभाविक कल. एका टाकाऊ फळीवर काठाला समांतर रेघ ओढून मी ती नुसत्या हाताने रेघेवरून चिरत गेलो, निम्म्यावर यंत्र थांबवले, आणि फळी ज्या कोनात स्थिरावली होती तोच कोन आधारपट्टीला दिला.

नंतर फणस चिरला. पिवळ्याधमक लाकडाच्या दोन फळ्या पोथीच्या समोरासमोरच्या पानांसारख्या उघडल्या, आणि चारही कोपरे मोजले असता जाडीत फरक सापडला नाही. वडिलांनी घागरीने पाणी घातलेल्या त्या वर्षांची वलये दोन्हींवर सारखीच उमटलेली पाहून मला पुढे बोलवेना.

चहा घेऊन मिस्त्री उठले आणि जाण्यापूर्वी त्यांनी ताण उतरवला, चाकाचा कल बदलला, गाइडा दूर सारल्या. "उद्या तुम्ही एकट्यानं लावा. मी संध्याकाळी येतो." सकाळी पूजा आटोपून मी कागदाचा तोच तुकडा खिशात घातला, विजेची जोडणी काढलेली आहे हे पुन्हा पाहिले, आणि वरचे चाक हाताने सावकाश फिरवू लागलो.