तीन कोसांवर एक विहीर

दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात पाहुण्यांना घेऊन जाण्याचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर आला असेल. वाघ-हत्ती पाहून झाल्यावर तेथे विटांचा एक उंच, जाड खांब दिसतो. मुले त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, आणि मोठी माणसे बहुधा सावलीपुरती त्याची दखल घेतात. हा कोसमिनार. सन १६१९ मध्ये बादशहा जहांगीर याने आज्ञा दिली की, आग्रा ते लाहोर या राजमार्गावर दर कोसाला एक खांब उभारावा आणि दर तीन कोसांवर एक विहीर खोदावी. वाटसरूला तहानेचा व उन्हाचा जाच होऊ नये. खांब तळाशी अष्टकोनी, वर गोल निमुळता, सुमारे तीस फूट उंच आणि आतून भरीव. त्यांतले बरेच पडले. पण फरीदाबाद, पलवल, होडल या बाजूस काही अजून उभे आहेत. विहिरी मात्र शोधाव्या लागतात.

वाचकहो, या आज्ञेतला दुसरा भाग किती शहाणपणाचा आहे हे मला कळले ते पुस्तकात नव्हे, तर सायकलवर बसून, आणि तेही चांगली शिक्षा झाल्यावर.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी आणि माझा धाकटा मेहुणा, दोघांनी दिल्लीहून आग्र्याला सायकलने जाण्याचे ठरवले. अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. फेब्रुवारी हा या मार्गाचा उत्तम महिना. धुके विरळ होत आलेले असते, ऊन सोसवते आणि दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली असते. मेहुणा अभियांत्रिकीचा विद्यार्थी, त्याला काळजी कसली? मी दिवसभर टेबलाशी बसून इकडच्या भाषेतले तिकडे करणारा माणूस. पण रविवारी तीस-चाळीस किलोमीटर सहज हिंडत असे, त्यामुळे आत्मविश्वास भरपूर होता. पहाटे पाच वाजता कपभर चहा आणि दोन बिस्किटे एवढ्यावर आम्ही निघालो. पिशवीत केळी होती. "भूक लागली की खाऊ," असे मी म्हणालो. सगळी चूक या एका वाक्यात होती.

पलवल साठ किलोमीटरवर आहे. याच पलवलच्या रेल्वे स्थानकावर एप्रिल १९१९ मध्ये गांधीजींना अटक झाली होती. आम्ही तेथे न थांबता पुढे गेलो, कारण पाय उत्तम चालत होते. होडल मागे पडले आणि दहा मिनिटांत सारे बदलले. मांड्यांतले बळ कोणी काढून घ्यावे तसे झाले. हात थरथरू लागले, कपाळावर थंड घाम आला. मेहुण्याने विचारले, "भावोजी, जरा थांबू या का?" मी त्याच्यावर खेकसलो, "तुला घाई असेल तर तू हो पुढे!" त्याने थांबण्याविषयी विचारले होते, आणि मी घाईविषयी उत्तर दिले. तो बिचारा मुकाट्याने पुढे गेला.

यानंतरचे मला तुटक आठवते. मागून एका ट्रकचा कर्णा जोराने वाजला तेव्हा मी भानावर आलो. रस्त्याची कड सोडून मी मधल्या पट्ट्यापर्यंत सरकलो होतो आणि ते मला कळलेही नव्हते. कसाबसा कडेला आलो, सायकल आडवी टाकली आणि एका टपरीच्या बाकावर बसलो. टपरीवाल्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, काही न विचारता चहात चार चमचे साखर घातली आणि बरोबर गुळाचा खडा ठेवला. पंधरा-वीस मिनिटांत जग जागेवर आले. मेहुणा शोधत परत आला होता. पिशवीतली केळी तशीच होती, म्हणजे त्यांचा लगदा तसाच होता. कोसी कलाँ स्थानकावरून आम्ही आगगाडीने घरी परतलो. घरी काय बोलणी खाल्ली ती येथे सांगत नाही.

मग मी वाचन केले. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो तो साधारण चारशे ते पाचशे ग्रॅमचा, म्हणजे सुमारे दोन हजार कॅलरींचा. यकृतातला वाटा त्यातला लहान, शंभर ग्रॅमच्या आसपास, आणि रात्रीच्या झोपेत तो बराचसा खर्च होतो. चरबी पुष्कळ असते, पण ती सावकाश जळते. वेगाने जाणाऱ्याला ती एकटी पुरत नाही. मेंदूही मुख्यतः साखरेवरच चालतो. म्हणून साठा संपला की नुसते पाय थकत नाहीत. माणूस चिडतो, हट्ट करतो, त्याचा अंदाज चुकतो. मेहुण्यावर खेकसणारा मी आणि ट्रकपुढे सरकणारा मी, दोघे एकाच दुखण्याचे रोगी होतो.

यावर उपाय म्हणजे भुकेची वाट न पाहणे. लांबच्या रपेटीत पहिल्या तासापासूनच दर तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्टमय किंवा साखरेचे पदार्थ पोटात जावेत. सराव झालेल्यांना याहून अधिकही पचते. मध्यम केळ्यात सुमारे पंचवीस ग्रॅम असतात, तीस ग्रॅम गुळात जवळजवळ तेवढेच. आता जहांगीराचा हिशेब पाहा! कोस सर्वत्र सारखा नव्हता. पण तीन-चार किलोमीटरचा धरला तर तीन कोस म्हणजे दहा-बारा किलोमीटर, सायकलने साधारण अर्ध्या तासाची वाट. एका विहिरीपासून दुसरीपर्यंत एक केळे, की गणित जुळले. घोड्यासाठी आणि पायी चालणाऱ्यासाठी आखलेला रस्ता सायकलस्वाराच्या पोटालाही बरोबर बसतो, याची मला मोठी मौज वाटते.

पाणीही असेच थोडे थोडे प्यावे. थंडीत तासाला अर्धा लिटर बहुधा पुरते, उन्हात अधिक लागते. नुसते पाणी ढोसत राहणेही बरे नव्हे, कारण घामाबरोबर मीठ जाते आणि रक्तातले मीठ फार पातळ झाले तर जिवावर बेतू शकते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे अतिसारासाठीचे घरगुती पाणी आपल्याला ठाऊक आहेच; आमच्या एका बाटलीत तेच असते. मिठात उकडलेले बटाटेही उत्तम. गोडाचा कंटाळा आला की ते अमृतासारखे लागतात. दारी आलेल्याच्या हाती प्रथम गूळपाणी देणारी आपली आजी हे सारे न वाचता जाणत होती. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र आधी वैद्यांना विचारावे.

या वर्षी फेब्रुवारीत आम्ही पुन्हा निघालो. निघण्यापूर्वी पोहे खाल्ले. वेग एवढाच ठेवला की गप्पा मारताना धाप लागू नये. छाट्याच्या जुन्या सराईचे भव्य दरवाजे या खेपेस डोळे भरून पाहिले. मथुरेत वरणभात अर्धपोटी जेवलो आणि अर्धा तास पाय पसरून बसलो. पेढे घेतले, पण ते घरच्यांसाठी. खवा जड, तो पोटात रेंगाळतो. याउलट आग्र्याचा पेठा म्हणजे कोहळा आणि साखर, स्निग्धता जवळजवळ नाहीच. सायकलस्वारासाठीच जणू केलेला. तो नेमका प्रवास संपतो तेथे मिळावा, ही या रस्त्याविषयी माझी एकमेव तक्रार आहे.

सिकंदऱ्याला अकबराच्या समाधीचे शुभ्र मिनार दिसू लागले तेव्हा ऊन कलले होते. मेहुणा बराच वेळ गप्प होता. मी म्हणालो, "आत जाऊन पाहू या का?" तो मान न वळवता तुटकपणे म्हणाला, "तुम्हीच बघा. मला काही बघायचं नाही."

मी सायकल कडेला घेतली, काही न बोलता खिशातला गुळाचा खडा काढला आणि त्याच्यापुढे धरला.