मागच्याचा हक्क

गाडीचे मागचे लाल दिवे काळे करण्याची हौस आमच्या वर्धा जिल्ह्यात पोहोचून बरीच वर्षं झाली. एमएच-३२ नंबरची पांढरी गाडी, काळे रिम, काळं छत आणि मागे धुरकट दिवे, हा लग्नसराईतला ठरलेला थाट आहे. पोरं त्याला ‘स्मोक’ म्हणतात. रेडियमच्या दुकानात काळी फिल्म लावून मिळते. ज्याला तेवढे पैसे घालवायचे नसतात तो स्प्रेचा डबा आणतो आणि घरच्या अंगणातच काम उरकतो. यंदा रमजानच्या आधी माझ्या भाच्यानं असा एक डबा आणला. गाडी त्याच्या अब्बांची, सेकंडहॅण्ड. तिच्यावर ते लग्नाची भाडी करतात आणि रात्री-बेरात्री सेवाग्रामच्या दवाखान्यात पेशंट पोहोचवतात. त्यांनी साफ नकार दिला, तेव्हा भाचा वकील शोधत माझ्याकडे आला. “मामू, आप पढ़े-लिखे हो. आप बोले तो अब्बा मान जाएँगे.”

वकीलपत्र घ्यायचं तर खटला नीट समजून घ्यायला हवा. म्हणून आधी मी त्यालाच विचारलं, हे करतात कसं?

पोरगं तयारीचं निघालं. डिक्कीच्या आतून नट सोडवून दिवा बाहेर काढायचा. साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडा करायचा. मग ८०० किंवा १००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वरची चकाकी घालवायची, कारण गुळगुळीत प्लॅस्टिकवर रंग धरत नाही. जिथं रंग नको तिथं मास्किंग टेप आणि वर्तमानपत्र. डबा एक-दोन मिनिटं हलवायचा, वीतभर किंवा थोड्या जास्त अंतरावरून हात सरकता ठेवून पातळ फवारा मारायचा, वाळू द्यायचा आणि मग दुसरा हात. हवा तेवढा काळा झाला की वरून क्लिअर कोट, दुसऱ्या दिवशी २००० नंबरचा पेपर आणि शेवटी रबिंग कंपाउंडनं पॉलिश. उन्हाबद्दलही त्याला ठाऊक होतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. अशा दुपारी रंगाचे थेंब हवेतच सुकतात आणि दिव्यावर रेती टाकल्यासारखा खरखरीत थर बसतो. पावसाळ्यात ओल धरून तोच थर पांढुरका होतो. म्हणून सकाळी, सावलीत, धूळ नसताना हे काम करायचं. एवढा बारीक अभ्यास त्यानं दहावीला केला असता तर त्याच्या अम्मीनं मिठाई वाटली असती.

पण त्याच्या सगळ्या अभ्यासात दिव्याची बाहेरची बाजूच होती. आत काय चालतं हे त्यानं पाहिलंच नव्हतं.

त्याच्या गाडीत मागे दोन तारांचा एकच बल्ब आहे. एक तार ५ वॉटची, रात्रभर मंद जळणारी. दुसरी २१ वॉटची, ब्रेक दाबला की पेटणारी. बल्बचा उजेड पांढरा असतो. लाल काच (म्हणायला काच, असतं ते ॲक्रिलिकचं प्लॅस्टिक) त्यातला फक्त लाल भाग बाहेर सोडते आणि बाकीचा अडवते. म्हणजे बराचसा उजेड कंपनीनंच आधी गाळलेला असतो. उरतो त्याचं मोजमाप ठरलेलं असतं. किती लांबून दिसावा, बाजूनं किती दिसावा, याची चाचणी झाल्याशिवाय दिवा गाडीला लागत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था ही तपासणी करतात. आपण डब्यातला काळा रंग मारतो तो या मोजून ठेवलेल्या उजेडावर.

मी त्याला वहीवर हिशेब मांडून दाखवला. समज, रंगाचा एक हात शंभरातला ७० भाग उजेड जाऊ देतो. दुसरा हात त्या सत्तरातला सत्तर टक्के, म्हणजे ४९. तिसरा हात दिलास तर ३४. दोन हात मिळून साठच कमी होतील असं नसतं, इथं गुणाकार चालतो. आणि स्प्रे हातानं मारायचा, त्यामुळे डाव्या दिव्यावर किती आणि उजव्यावर किती बसला हे मोजायचं साधन कुणाकडेच नसतं.

दिव्यातल्या रिफ्लेक्टरचं नुकसान याहून मोठं. त्याच लाल प्लॅस्टिकमध्ये खाली किंवा कडेला बारीक खवल्यांची पट्टी असते. तिला बल्ब नाही, वायर नाही. मागून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटचा उजेड ती जसाच्या तसा मागे फिरवते. बॅटरी उतरलेली, दिवे बंद, गाडी कडेला उभी, अशा वेळी हीच पट्टी ओरडून सांगते की इथं काहीतरी उभं आहे. हा उजेड रंगातून दोनदा जातो, आत शिरताना एकदा आणि परतताना एकदा. म्हणजे एका हातातच शंभराचे ४९, दोन हातांत २४.

भाचा म्हणाला, “तो मैं ज़्यादा वॉट का बल्ब डालता.” जास्त वॉटचा बल्ब म्हणजे जास्त उष्णता. बंद डब्यातलं प्लॅस्टिक आणि होल्डर ती सोसत नाही.

तोंडी हिशेबानं पोरं ऐकत नाहीत, हे मला वर्गात रोज दिसतं. म्हणून मीच सुचवलं की गाडीला हात न लावता भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलचा जुना दिवा आणावा. त्यानं आणला, आणि खरं सांगतो, रंगवला फार सफाईनं. दोन हात, वर क्लिअर कोट, काळ्या काचेत खोल दडलेला लाल रंग. सुंदर दिसत होता. तो उजवीकडे बसवला, डावीकडे मूळचाच ठेवला आणि ईदगाहच्या मैदानावर गेलो. असरची नमाज होऊन गेली होती, ऊन तिरपं होऊन थेट गाडीच्या मागच्या बाजूवर पडत होतं. मी आत बसून ब्रेक दाबत आणि सोडत राहिलो, आणि तो मागे पावलं मोजत गेला. चाळीसएक पावलांवर गेल्यावर तो हात हलवू लागला. डावा दिवा पेटतो-विझतो ते कळत होतं, उजव्याचा काही पत्ता लागत नव्हता. मगरिबनंतर अंधारात दोन्ही दिसले. पण उजवा गाडी जास्त लांब असल्यासारखा वाटत होता. हे त्याचेच शब्द. मंद दिवा डोळ्याला दूरचा वाटतो, आणि दूरचा वाटला की मागचा माणूस ब्रेकवर उशिरा पाय ठेवतो. ताशी ८० च्या वेगानं गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. येळाकेळीहून समृद्धी महामार्गाला लागलात तर कारसाठी मर्यादा १२० ची आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. मागच्याचा एक सेकंद खाल्ला तर एवढं अंतर खाल्लं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मालकानं असा फेरफार करू नये. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२ अ मध्ये बेकायदा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. खिडकीच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१२ मध्ये बंदी घातली ते सगळ्यांना आठवतं. दिव्याबाबत निराळा गाजावाजा झाला नाही, म्हणून पोरांना वाटतं की हे चालतं. शिवाय मागून कुणी धडकलं तर चूक त्याची, असं आपण धरून चालतो. पण तुमचा दिवाच काळा असेल तर समोरच्या वकिलाला आणि विमा कंपनीला बोलायला आयतं तोंड मिळतं.

इथं आपल्या घरांतलं एक बोलणंही लिहायला हवं. पोराला नाक्यावर थांबवलं की आपण म्हणतो, नाव बघून थांबवलं. कधी ते खरं असतं, मी ते नाकारत नाही. पण नाव तर लायसन्स हातात घेतल्यावर कळतं. त्याआधी लांबून दिसतात ते काळे दिवे. थांबवायला कायदेशीर कारण आपणच गाडीच्या पाठीवर रंगवून फिरायचं आणि मग अन्यायाची दाद मागायची, तर खरा अन्याय होतो त्या दिवशीही आपलं कुणी ऐकत नाही.

भाच्याचे दोन मुद्दे मात्र वजनाचे होते. पहिला म्हणजे काही नव्या गाड्यांना कंपनीच धुरकट दिवे देते. देते, पण त्यांच्या आतले एलईडी आणि परावर्तक तो धुरकटपणा धरूनच बसवलेले असतात, आणि चाचणी त्या अख्ख्या दिव्याची होते. आपण फक्त वरचा रंग उचलतो.

दुसरा मुद्दा त्यानं चिडून मांडला. “कापूस की ट्रॉलियों को तो लाइटच नहीं रहता मामू, उनको कौन पूछता?”

यावर मी थोडा वेळ गप्प राहिलो. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, कुठंही जा, दिवाळीनंतर जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रेडियमची पट्टी असली तर मातीनं माखलेली. माझा एक जुना विद्यार्थी जिनिंगमध्ये रात्रपाळी करायचा. फजरच्या आधी, धुक्यात मोटरसायकलनं घरी निघाला होता. कडेला पंक्चर होऊन उभी असलेली ट्रॉली त्याला दिसली नाही. उर्दू शाळेतलं पोर, मराठीच्या तासाला जोडाक्षरांवर अडखळायचा आणि स्वतःच हसायचा. त्याच्या जनाज्याला भाचाही माझ्यासोबत होता, आणि परतताना त्या ट्रॉलीवाल्याला सगळ्यात जास्त शिव्या यानंच घातल्या होत्या. मी त्याला तेवढंच आठवून दिलं. त्या ट्रॉलीवाल्यापाशी निदान दिवा नव्हता. तुझ्यापाशी आहे, चांगला जळणारा आहे, आणि तो तू पैसे खर्चून विझवायला निघालास.

माझे अब्बा सांगायचे, पूर्वी रात्री कापसाच्या बंड्या निघत तेव्हा प्रत्येक बंडीच्या खाली कंदील टांगलेला असे. धुरकरी पुढे पेंगत असायचा, बैलांना वाट पाठ असायची. कंदिलाचा उपयोग मागून येणाऱ्याला. घासलेट महाग होतं, तरी तेवढं घासलेट मागच्याच्या नावानं जाळलं जाई.

आपल्याकडे हक्कुल इबाद म्हणतात, माणसांचे माणसांवरचे हक्क. नमाज-रोज्यातल्या उणिवा अल्लाह माफ करेल, पण बंद्याचा हक्क बुडवला तर तो बंद्यानंच माफ करायचा असतो, हे आपण मकतबपासून ऐकतो. रस्त्यातला काटा, दगड बाजूला करणं हे ईमानातलंच काम आहे, हेही ऐकतो. आता गाडीकडे बघा. सीट आपली, स्टिअरिंग आपलं, गाणी आपली, पुढचे दिवेसुद्धा आपल्याला वाट दाखवायला. मागचा लाल दिवा मात्र चालवणाऱ्याला कधी दिसतच नाही. आपल्या पैशानं विकत घेतलेल्या गाडीत मागून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या हक्काची ही एक वस्तू असते. तो कोण आहे, कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, हे त्या दिव्याला ठाऊक नसतं. शौक आपल्या चीजेवर करावा, त्याला कुणाची ना नाही. दुसऱ्याच्या अमानतीवर करू नये.

वकीलपत्र मी परत केलं. भाच्यानं डब्यातला उरलेला रंग चाकांच्या कॅपवर मारला आणि त्यावर त्याच्या अब्बांनीही काही म्हटलं नाही. भंगारातला तो काळा दिवा त्यानं कपाटावर ठेवलाय, कुणी आलं की दाखवतो. “दिखता तो मस्त था मामू,” असं अजून म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही.

ज्यांनी दिवे आधीच काळे केलेत त्यांच्यासाठी एवढंच. थिनर किंवा पेट्रोल लावू नका. ॲक्रिलिकला केसासारख्या भेगा पडतात आणि दिवा कायमचा आंधळा होतो. पाण्यात भिजवलेला ८०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवून रंग उतरवा, मग १५००, मग २०००, आणि शेवटी रबिंग कंपाउंडनं चमक आणा. फिल्म असेल तर उन्हात थोडी गरम करून हळूहळू सोला. एक सुट्टीचा दिवस जाईल. फिल्म नुसती खिडकीला असते तशीच दिव्यालाही सहज निघते, रंगाला मात्र मेहनत लागते. काम झालं की मगरिबनंतर घरातल्या कुणाला तरी मागे शंभर पावलांवर उभं करा, ब्रेक दाबा आणि विचारा, दिसतो का?