लागलेलं असेल त्याला ने

चि. मृणाल हिस,


मुलांना कोणत्या प्रदर्शनाला न्यावं, एवढंच तू विचारलंस. पण खाली सहज लिहून गेलीस, ‘एनजीएमए एकदा दाखवून झालंय, आता नवीन काही लागलं तरच’, ते मला झोंबलं. चित्रकला शिकवणाऱ्या बाईनं हे लिहावं? अर्थात दोष तुझ्या एकटीचा नाही, मुंबईच्या सवयीचा आहे. १९५२ पासून जहांगीर आर्ट गॅलरीनं या शहराला चित्रं बघायला लावली, तीही फुकट, उपकार मोठेच. पण तिथल्या भिंती आठवड्याला बदलतात. १९९६ मध्ये कावसजी जहांगीर हॉलात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, तुझं एनजीएमए, आलं, तरी मोठं प्रदर्शन लागलं की घुमटापर्यंतचे मजले त्याच्याच ताब्यात. समोरच्या वस्तुसंग्रहालयातला जहांगीर निकल्सन यांचा संग्रहही पाळीपाळीनंच दिसतो. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांनी १९४७ मध्ये याच शहरात प्रोग्रेसिव्ह गट काढला. त्यांचं एक तरी चित्र सांग, जे पुढच्या वर्षीही तुला त्याच भिंतीवर हमखास भेटेल. टीआयएफआर या संशोधन संस्थेतलं हुसेनचं भित्तिचित्र म्हणशील, पण तिथं वाटेल तेव्हा कोण शिरू शकतं?

बदलती प्रदर्शनं नसती तर चित्रकार बरव्यांची एवढी कामं २०१९ मध्ये एनजीएमएच्या एका छपराखाली दिसली असती का, हा तुझा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे. नसती दिसली. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं चित्रकार गायतोंड्यांचं प्रदर्शन भरवलं, तेही ठिकठिकाणच्या मालकांकडून चित्रं मागून आणूनच. शिवाय कागदावरचे जलरंग उजेडानं विटतात, ते कायम टांगून चालतच नाही. सगळं कबूल. पण प्रदर्शन म्हणजे क्युरेटरनं मांडलेलं म्हणणं असतं. आपण त्याच्या क्रमानं चालतो, त्याच्या पाट्या वाचतो आणि माना डोलावतो. ते म्हणणं पारखायला आपल्याजवळ आधीची चार चित्रं मुरलेली लागतात, आणि एका भेटीत चित्र मुरत नाही. पिकासोचं ‘गेर्निका’ १९८१ पर्यंत न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाच्या सांभाळात होतं, म्हणून तिथल्या तरुण चित्रकारांना त्याच्यापुढं पुन्हा पुन्हा उभं राहता आलं, त्याच्याशी भांडता आलं. आपल्या मुलांनी कुणाशी भांडायचं?

तेव्हा लागलेलं असेल त्याला ने. सगळे मजले चढवू नकोस; दोन चित्रं दाखव, आणि काही दिवसांनी तीच दोन पुन्हा. कंटाळतील म्हणतेस? कंटाळू देत. पहिल्या खेपेला चित्रातला विषय दिसतो. रंग कुठं खरवडलाय, कुठं नुसता ओघळू दिलाय, हे विषय बघून संपल्यावरच दिसायला लागतं. वहीत ‘मला काय आवडलं’ लिहून घ्यायची तुझी खोड या वेळी आवर. मला काळजी निराळीच आहे: दुसऱ्या खेपेला पोरं पोचली आणि चित्रंच उतरवलेली असली तर? शेवटची तारीख आधी फोन करून विचार. आणि एनजीएमए सोमवारी बंद असतं, बाई, मागच्यासारखं नको.

— मामा