पत्र्याखालचा चैत्र

बेळगावजवळच्या मच्छेतल्या कुठल्याही गल्लीत शिरा, एखाद्या घराच्या अंगाला टेकून पत्र्याचा आडोसा दिसतोच. मूळ बेत गाडी ठेवण्याचा. पण गाडी बाहेर फणसाखाली, आणि आत जुना लेथ, ड्रिलिंग मशीन, वेल्डिंगचा संच, व्हाइस बसवलेलं सागवानी टेबल. उद्यमबागेत किंवा इथल्याच औद्योगिक वसाहतीत ज्यांची उमर कास्टिंग आणि क्रँकशाफ्टमध्ये गेली, त्यांना घरी रिकामं बसवत नाही. कुणी जॉबवर्क घेतो, कुणी गल्लीतल्या पंपांचे शाफ्ट कातून देतो, कुणाला नुसतीच हौस. माझा नंबर तिसऱ्यांत.

या भागाला ही खोड जुनी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. मग कडबा कापायची यंत्रं आली, लोखंडी नांगर आले. १९१० मध्ये जागा सोडावी लागली आणि कुंडलच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगराची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र त्या माळावरच्या पहिल्या उन्हाळ्याचं कुतूहल वाटतं. भट्टी पेटलेली, वर छप्पर तापलेलं, आणि सावलीला झाड नाही!

आमच्याकडे निदान उंचीचा आधार आहे. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास वसलेल्या बेळगावला लोक गरिबांचं महाबळेश्वर म्हणत आले. एप्रिलातही संध्याकाळी घाटाकडून पश्चिमेचं वारं सुटतं आणि अंगणात खुर्च्या बाहेर येतात. पण महाबळेश्वर अंगणात असतं; पत्र्याखाली नसतं. दुपारी दोनला आत पाऊल टाकलं की डोक्याच्या वरचा भाग वेगळ्या गावात गेल्यासारखा वाटतो.

पत्र्याचा एक कावा बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. नवा, चकचकीत पत्रा ऊन परतवतो, म्हणून तो थंड राहील असं वाटतं. तसं होत नाही. चकाकणारा धातू उष्णता बाहेर टाकण्यात महाकंजूष. जेवढं ऊन आत मुरतं, तेवढं तो धरून बसतो आणि मग खाली आपल्या टाळूवर सोडतो. चुन्याचं उलटं आहे. तो ऊन परतवतोही आणि अंगात मुरलेली उष्णता आभाळाकडे सोडूनही देतो. २०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ साली उष्णतेचा आराखडा केला, पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करायला घेतली, त्यामागचं शास्त्र हेच. आमच्याकडे मार्चअखेर चुन्यात थोडा फेविकॉल कालवून दोन हात मारले की काम भागतं. वळवाच्या सरींत निम्मा चुना धुऊन जातो. जाऊ दे. थंडीत पत्र्याने थोडं तापावं अशी आपलीच इच्छा असते.

काही जण छपरावर भाताचं पिंजर अंथरतात. गोठ्याला उत्तम. वर्कशॉपला नको, कारण खाली वेल्डिंगची ठिणगी उडते आणि वर वाळलेलं गवत. त्यापेक्षा घोसाळीचा वेल चढवावा. रोज पाणी मागतो, पण पश्चिमेची भिंत झाकतो आणि वर भाजीही देतो.

पूर्वी हे आडोसेही कौलारू असत. बासेल मिशनने १८६०च्या दशकात मंगळुरात सुरू केलेलं कौल घाट चढून इकडे आलं, खानापूरकडच्या मातीतही भाजलं जाऊ लागलं. कौलांच्या प्रत्येक सांध्यातून गरम हवा निसटते. अख्खं छप्परच श्वास घेतं म्हणा. वानरं कौलं फोडत, पावसाळ्याआधी शाकारणी करावी लागे, आणि आता ती करणारा हात मिळणं कठीण. म्हणून पत्रा आला. आला तो आला, त्याला तोंड ठेवायचं मात्र लोक विसरले. छपराच्या शेंड्याला गरम हवेला वाट हवी, आणि सावलीच्या बाजूला जमिनीलगत गार हवेला दार. छताचा पंखा तर शत्रूच. तो पत्र्याखाली साठलेला ताप ढवळून थेट डोक्यावर ओततो. खाली ठेवलेला उभा पंखा बरा.

समोरच्या घरातला तरुण मला सांगतो, ‘‘काका, एसी बसवा की. खरं, बिल बघून परत घाम फुटंल बघा.’’ कूलरही सुचवून झाला. कोरड्या चैत्रात तो छान चालतो, मान्य. पण तो हवेत पाणी सोडतो, आणि लेथच्या बेडला पाणी सोसत नाही. दोन दिवस कूलर लावा, तिसऱ्या दिवशी घासून गुळगुळीत झालेल्या लोखंडावर तांबूस छटा दिसेल. माणसाला ओलावा गोड लागतो, यंत्राला तेल.

खरी गंमत मापात आहे. जगभरच्या मोजमापांसाठी २० अंश सेल्सिअस हे तापमान १९३१ मध्ये ठरलं. आमच्या एप्रिलात ते कुठून आणायचं? पोलादाची मीटरभर दांडी एका अंशाला साधारण ११-१२ मायक्रॉन वाढते. म्हणजे शंभर मिलिमीटरचा तुकडा वीस अंश जास्त तापला, तर बावीस-चोवीस मायक्रॉन फुगला, आणि बेअरिंग बसणं-न बसणं तेवढ्यावर अडतं. तरी घाबरायचं कारण नाही. मायक्रोमीटरही पोलादाचाच. दोघं एकाच हवेत निवांत बसले असले की बरोबरीने वाढतात, दगा देत नाहीत. दगा देतो तो नुकताच कातलेला, हाताला चटका देणारा जॉब. त्याला टेबलावर ठेवावं, आपण कोकम सरबत घ्यावं, मग मोजावं. यंत्राला गारवा लागत नाही, ठहराव लागतो. गारवा लागतो तो आपल्याला, आणि या दोन गरजा एकच समजून लोक पैसे घालवतात.

मग उरते वेळेची निवड, तिला खर्च नाही. सकाळी सातला पत्रा अजून रात्रीचाच असतो. बारीक कातकाम तेव्हा. दुपारी कुलूप. वेल्डिंग संध्याकाळी, वारं सुटल्यावर, दार सताड उघडं टाकून. वळवाचा अंदाज दिसला की बेडवर तेलाचा हात फिरवायचा, कारण त्या पावसात करंट हमखास जातो आणि दमट हवा रात्रभर आत कोंडून राहते.

परवा भरदुपारी तोच तरुण मोटरीचा शाफ्ट घेऊन आला. ‘‘आज होतंय काय, काका?’’

‘‘उद्या सकाळी सातला ये. आत्ता लोखंड फुगलेलं असतंय.’’

तो हसला. त्याला ही झोपेची सबब वाटली. अर्धी ती होतीच.