एक नग

इंग्रजीत एखाद्या वस्तूला किंवा माणसाला ‘वन-ऑफ’ म्हटले की ते कौतुक वाटते. असे दुसरे होणे नाही, असा त्याचा सूर असतो. पण हा शब्द कवींनी घडवलेला नाही, तो ओतशाळेतून आला. ब्रिटनच्या फौंड्र्यांमध्ये आकड्यापुढे ‘ऑफ’ लावून किती नग ओतायचे ते सांगत. ‘ट्वेंटी ऑफ’ म्हणजे या पॅटर्नवरून (वस्तूच्या नमुन्यावरून) वीस नग काढा, ‘वन ऑफ’ म्हणजे एकच. इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश फाउंड्रीमेन या संस्थेच्या १९३४ च्या कार्यवृत्तात हा शब्द छापलेला सापडतो, आणि तिथे त्याला स्तुतीचा वासही नाही. तो निव्वळ मोजणीचा शब्द आहे. माझे म्हणणे असे की, ही मोजणी विसरली की शब्दाचा अर्धा अर्थ हातातून जातो.

ओतकाम डोळ्यांसमोर आणले म्हणजे हे पटते. लाकडी पॅटर्नभोवती पेटीत वाळू ठासून भरायची, पेटीचे दोन भाग वेगळे करून पॅटर्न अलगद काढून घ्यायचा, पेटी पुन्हा जुळवायची आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. धातू थिजला की वाळू फोडायची. कोल्हापूरच्या फौंड्र्यांतही वाळूचे ओतकाम याच रीतीने चालते. यात साचा दर खेपेला मोडतो, पॅटर्न मात्र शाबूत राहतो आणि त्यावरून शंभर नग निघू शकतात. एकच नग हवा असेल तर पूर्ण लाकडी पॅटर्न घडवण्याचा खर्च अंगावर येतो. मग गोल वस्तूसाठी उभ्या दांड्याभोवती कापीव फळी फिरवून आकार काढतात. १९३४ चा तो उल्लेखही अशाच झटपट होणाऱ्या कामाबद्दलचा आहे. म्हणजे त्या वस्तूचे एकटेपण तिच्या धातूत नाही, घाटातही नाही. दुसरी कोणी मागितली नाही, एवढेच. सोळाव्या शतकात इटालियन कवी अरिओस्तोने ‘ओर्लांदो फ्युरिओसो’त एका वीराबद्दल कल्पना केली, की निसर्गाने त्याला घडवले आणि मग साचाच मोडून टाकला. ही कल्पना देखणी आहे, पण वाळूत ओतणाऱ्या कारागिराला तिच्यात नवल वाटणार नाही. तो तर दिवसभर साचेच मोडत असतो!

यावर आक्षेप आहेत. काहींना वाटते की मूळ शब्द एका ‘एफ’चा, म्हणजे ‘पैकी’ या अर्थाचा असावा, आणि दुसरा ‘एफ’ चुकून चिकटला असावा. तसे असते तर ‘ट्वेंटी ऑफ’ची उकल झाली नसती, कारण तिथे ‘पैकी’ बसतच नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शब्दाचा अर्थ आजचे बोलणारे ठरवतात, त्याचा जन्म कुठे झाला याच्याशी काय देणेघेणे? हे तत्त्व मला मान्य आहे, पण आजचा वापरच माझ्या बाजूने साक्ष देतो. इंग्रजीत ‘वन-ऑफ पेमेंट’ म्हणतात, ‘वन-ऑफ’ अपघातही म्हणतात. त्या रकमेची किंवा त्या अपघाताची थोरवी कोणी गात नाही. एकदा झाले, पुन्हा व्हायचे नाही, एवढाच अर्थ तिथे आहे. ओतशाळेची मोजणी तिथे अजून जिवंत आहे. मेणाच्या ओतकामाचे काय, असेही कोणी विचारील. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त ती कृती आहे. तिथे मेणाची मूळ मूर्तीच वितळून जाते, म्हणून प्रत्येक मूर्ती खरोखर एकच. पण ते एकटेपण कृतीनेच लादलेले असते. ‘वन-ऑफ’मधले एकटेपण गरजेतून येते. एका नगाचीच गरज होती आणि त्या एकासाठीही कारागिराने हात आखडता घेतला नाही. मला यात अधिक माणुसकी दिसते.

मराठीत अनन्यतेचे बहुतेक शब्द नकारातून येतात. अद्वितीय म्हणजे ज्याला दुसरा नाही, अजोड म्हणजे ज्याला जोड नाही. ते कोणाशी तरी तुलना करून मगच थोरवी देतात. पण ‘वन-ऑफ’चे खरे भावंड आपल्या बाजारात आहे, ते म्हणजे ‘नग’. दुकानदार पावतीवर ‘नग १’ लिहितो, आणि कोणी विलक्षण माणूस भेटला की आपण म्हणतो, ‘काय नग आहे!’ मोजणीतून माणसापर्यंतचा प्रवास दोन्ही भाषांनी आपापल्या वाटेने केला. ‘नग’मध्ये थोडी थट्टा आहे, तेवढा फरक मान्य. पण तुलनेची उतरंड या शब्दातही नाही. म्हणून भाषांतर करणाऱ्यांना माझी विनंती आहे: ‘वन-ऑफ’ समोर आला की लगेच ‘अद्वितीय’कडे धावू नका. रक्कम असेल तर ‘एकवेळची’ लिहा, यंत्राचा भाग असेल तर ‘एकच नग’ लिहा, आणि माणूस असेल तर ‘नग’ चालतो का, हे आधी बघा.